गुडघे आईचे, प्लॅन जावयाचा

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही अटलांटाला असतो. माझी आई मे महिन्यात साताऱ्याहून येतेय, ऑक्टोबरअखेर परत जाणार. वय ७६, दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशन नको म्हणते, घरात काठी घेऊन फिरते पण सलग दहा-पंधरा मिनिटांच्या वर चालवत नाही. बीपी शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. माझी मुलं ९ आणि ४ वर्षांची, त्यांना आजीबरोबरच ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचंय. नवऱ्याने जुलैत चार दिवसांचा प्लॅन केलाय, रोज एक पार्क, सकाळी आठला गेटवर ते रात्री आतिषबाजी संपेपर्यंत. आई म्हणते तुम्ही जा, मी घरी बसते, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको. व्हीलचेअरचं नाव काढलं तर म्हणाली, मी काय पांगळी झालेय का. न्यावं की नको? व्हीलचेअर घ्यावी की ती मोटरवाली स्कूटर? आणि तिचे उपवास असतात, तिथे खायचं काय? – एक वाचक, अटलांटा

उत्तर: न्या. नक्की न्या. फक्त तो जुलैचा चार दिवसांचा प्लॅन फ्रिजवरून काढा आधी, कारण त्या प्लॅनमध्ये तुमच्या ४ वर्षांच्या पोराचंपण काही खरं नाही, आईंचं तर सोडाच.

पहिलं म्हणजे तारीख. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी गडगडाट होऊन पाऊस पडतो आणि त्याच्या आधी इतकं दमट असतं की आपल्या मुंबईचा मे बरा वाटावा. त्यात बीपीच्या गोळ्या, त्यात लघवी होणारी गोळी असेल तर अंगातलं पाणी कधी कमी झालं कळतही नाही. तुमच्याकडे त्या ऑक्टोबरपर्यंत आहेत ना, मग मुलांना शाळेत फॉल ब्रेक असेल तर तो बघा, ऑक्टोबरमध्ये ऊन जरा उतरलेलं असतं, पाऊसही कमी. वादळाचा सीझन तोपर्यंत चालू असतो म्हणून हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या. जुलैच करायचा असेल, सुट्ट्याच तेव्हा असतील, तर मग दुपार पूर्ण हॉटेलवर. सकाळी पार्क उघडायला जायचं, साडेअकरा-बाराला परत, जेवण, झोप, आणि वाटलं तर संध्याकाळी पुन्हा. मधे एक दिवस काहीच नाही, स्विमिंग पूल आणि आजी बाकावर. जावईबापूंना हे पटणार नाही, तिकिटाचे पैसे फुकट जातात म्हणतील, त्यांना म्हणावं चारच्या ऐवजी दोनच दिवसांचं तिकीट काढा.

आता दुसरं, जागा केवढी आहे याचा अंदाज घ्या. अख्खं डिस्ने वर्ल्ड साधारण १०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई त्यात मावून वर जागा उरेल. चार पार्क एकमेकांपासून लांब, एकातून दुसऱ्यात चालत जायचा प्रश्नच नाही. आणि एका पार्कमध्येसुद्धा माणूस दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालतो, रांगेत उभं राहणं वेगळं. दहा-पंधरा मिनिटं चालू शकणाऱ्या माणसाला हे झेपत नाही, यात पांगळं असण्याचा काही संबंध नाही, मला स्वतःला नाही झेपत.

म्हणून चाकं लागणार, हे नक्की. आणि ती आई दमायच्या आधी लागणार. लोक काय करतात, काठीवर नेतात, बघू म्हणतात, दोन तासांनी गुडघा सुजतो मग धावपळ करून खुर्ची आणतात, आणि तोवर त्या माणसाचा दिवस संपलेला असतो, त्याला फक्त परत जायचं असतं. गेटपासूनच सोबत ठेवा. त्या नाही म्हणतील, तर सांगा, आई ही पिशव्या ठेवायला घेतलीय, धाकटा झोपला की त्याला लागेल. बसायची सक्ती करू नका. तासाभरात आपणहून बसतात, सगळ्या बसतात, माझ्या सासूबाई तर बसल्यावर उतरायला तयार नव्हत्या. आणि तिथे एकदा आत गेलात की त्यांना दिसेलच, त्यांच्या वयाचे अमेरिकन आजी-आजोबा ढीगभर अशाच गाड्यांवर आईस्क्रीम खात फिरत असतात, कोणी वळूनही बघत नाही. ‘लोक काय म्हणतील’ मधले लोक साताऱ्याला राहिलेत.

व्हीलचेअर की स्कूटर, तर तुमच्या केसमध्ये व्हीलचेअर. स्कूटर चालवायला हाताने वेग सांभाळावा लागतो, गर्दीत समोरून पोरं पळत येतात, आणि ज्यांनी आयुष्यात लूनासुद्धा चालवली नाही त्यांना सुट्टीच्या दिवशी हे शिकवणं म्हणजे सगळ्यांनाच टेन्शन. पार्कच्या आत गेटजवळच भाड्याने मिळतात दोन्ही, पण आधी बुकिंग होत नाही, जो आधी जाईल त्याला. स्कूटरी लवकर संपतात. पार्कची खुर्ची पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे पार्किंगपासून गेटपर्यंत काय करणार हा प्रश्न उरतोच, आणि हे अंतरच जीवघेणं आहे. त्यामुळे माझा सल्ला, अटलांटालाच एक ट्रान्सपोर्ट चेअर विकत घ्या, ती चार छोट्या चाकांची, हलकी, घडी करून डिकीत मावणारी. ऑनलाइन कुठेही मिळते, आई सहा महिने आहेत तर मॉलला, देवळाला, डॉक्टरकडे सगळीकडे कामाला येईल. फक्त तिची चाकं लहान म्हणून फटीत अडकतात, चारपैकी मॅजिक किंगडम या पार्कच्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, ते तिरके ओलांडू नका, सरळ काटकोनात ओलांडा.

ढकलणाऱ्याने हे वाचावं. थांबलात की ब्रेक, प्रत्येक वेळी, दोन सेकंद थांबलात तरी. उतरताना आधी पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला, माणूस त्या पट्टीवर उभा राहिला की खुर्ची पुढे उलटते. मागच्या हँडलला जड बॅग लटकवली आणि आई उठल्या की खुर्ची मागे आडवी होते, तेव्हा जड सामान सीटखाली. उतारावर खुर्ची उलटी करून मागे मागे उतरायचं. आणि साडी! साडीचा घोळ आणि पदर चाकात जातो, हा प्रकार कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. पंजाबी ड्रेस घालत असतील तर उत्तम, नसतील तर पदर खोचून, निऱ्या जरा वर घेऊन, मांडीवर एक ओढणी नाहीतर पातळ शाल टाका, एसीत तिचा उपयोगही होतो. एसी भयंकर असतो तिथे. आणि तासाभराने त्यांना उठवून चार पावलं चालवा, सलग बसून पाय सुजतात, गुडघे आखडतात.

एक गैरसमज काढून टाकायचाय. तुम्हाला कोणीतरी मैत्रीण सांगेलच की व्हीलचेअर घेतली की रांग लागत नाही, थेट आत सोडतात. नाही सोडत. तिथल्या बहुतेक रांगा खुर्ची जाईल एवढ्या रुंद आहेत, त्यामुळे तुम्ही सगळ्यांबरोबर त्याच रांगेत, काही जुन्या राइड्सना बाजूने वेगळी एंट्री देतात तेवढंच. रांगेतून सूट देणारी जी त्यांची सोय आहे ती २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे, गुडघेदुखीला ती नाही. रांग टाळायची तर पैसे भरून लाइटनिंग लेन घ्यायची, डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ती ७ दिवस आधी बुक करता येते, बाकीच्यांना ३ दिवस आधी. माझ्या मते एका दिवसासाठी घ्या, आणि ती मुलांच्या राइड्सवर वापरा, म्हणजे आईंना बाहेर ताटकळत बसावं लागत नाही.

आणि राइड्सचं असं आहे की डिस्नेच्या अॅपवर प्रत्येक राइडच्या खाली लिहिलेलं असतं, खुर्चीत बसूनच जाता येतं, खुर्चीतून उठून सीटवर बसावं लागतं, की स्वतः चालता येणं गरजेचं. आईंच्या बरोबर आदल्या रात्री बसून हे बघा. गंमत म्हणजे शांत वाटणारी राइड सोपी असतेच असं नाही. पीटर पॅनची राइड किंवा ती हळू फिरणारी पीपलमूव्हर, दोन्ही अगदी निवांत, पण चढायचं सरकत्या पट्ट्यावरून, तो थांबवत नाहीत, म्हणजे काठीवाल्या माणसाला नकोच. एपकॉट पार्कमधल्या त्या मोठ्या गोल चेंडूच्या आतल्या राइडलापण सरकत्या पट्ट्यावरूनच चढायचं असतं. उलट ‘स्मॉल वर्ल्ड’ची बोट, जंगल क्रूझ, एपकॉटमधली लिव्हिंग विथ द लँड, तिथल्याच मेक्सिको विभागातली बोट, यांच्यात खुर्चीसकट जाता येईल अशा बोटी असतात, विचारायचं आणि जरा थांबायचं. आईंना मी पहिलं कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस दाखवेन. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेलं, आपण बसलेलो असतो आणि बसायची जागाच गोल फिरते, एका घरातलं स्वयंपाकघर दशकामागून दशक कसं बदललं ते दिसतं. चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला त्यात जे दिसतं ते आपल्या मुलांना नाही दिसत. खुर्चीतच बसून, गार हवेत, वीसेक मिनिटं. कुठली राइड दुरुस्तीला बंद आहे ते मात्र जायच्या आदल्या दिवशी बघा, नेहमी काहीतरी बंद असतंच.

दोनच पार्क करायचे तर मॅजिक किंगडम मुलांसाठी आणि दुसरा, माझं मत अॅनिमल किंगडम. सफारीची गाडी खुर्चीसकट जाते, हादरे बसतात ते मात्र खूप, कंबर दुखत असेल तर शेवटच्या रांगेत बसवू नका म्हणून सांगा, कारण मागे जास्त आपटतं. आणि तिथे त्यांनी आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य उभं केलंय, महाराजांचा पडका राजवाडा, त्यात खरे वाघ! सातारकर बाई अमेरिकेत येऊन आनंदपूरला जाणार, फोटो काढाच. रस्ते थोडे खडबडीत, चढ-उताराचे आहेत, ढकलणारे दोघं असू द्या. एपकॉटमध्ये अकरा देशांचे देखावे बघायची ती गोल फेरी आहे ना, ती तळ्याभोवती साधारण दोन किलोमीटर पडते, ढकलणाऱ्याचा जीव जातो, पण तळ्यातून बोट असते, अर्धं बोटीने करा.

मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी थेट गेटपाशी जात नाही हे लक्षात ठेवा, अलीकडे लांब पार्किंग, तिथून मोनोरेल नाहीतर बोट, उबरवालाही तिथेच सोडतो. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र पार्कच्या दारात नेते. हा एकच फायदा धरला तरी आईंसाठी आतलं साधं हॉटेल बाहेरच्या भारी हॉटेलपेक्षा बरं, असं मला वाटतं, आणि दुपारी झोपायला परत यायचं तर अंतर कमी हवंच.

बाथरूमचं आधी बोलून घ्या, कारण आया बोलत नाहीत, त्या पाणी प्यायचं बंद करतात. हे सगळ्यात घातक. प्रत्येक पार्कमध्ये कंपॅनियन रेस्टरूम असतात, मोठी खोली, मदतीला कोणीही आत जाऊ शकतं, मुलगा किंवा जावई बरोबर असला तरी अडचण नाही. नकाशावर खुणा असतात, आत शिरल्या शिरल्या आईंना एक दाखवून ठेवा म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडतो. प्यायला साधं बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं, मागायचं. फर्स्ट एड सेंटर प्रत्येक पार्कमध्ये आहे, नर्स असते, इन्सुलिन असेल तर तिथे थंड ठेवायला देता येतं, थोडा वेळ आडवं व्हायचं असेल तरी तिथेच जा.

खाण्याची काळजी तर अजिबात नको, बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे! काचेची बरणी आणि दारू सोडून. म्हणजे दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सगळं चालतं. आपल्याकडच्या पार्कांत गेटवर बिस्किटाचा पुडा काढून घेतात त्यांच्यासाठी हे नवलच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी सकाळी हॉटेलवर करून डब्यात, राजगिऱ्याचे लाडू, आणि आत फळांचे स्टॉल असतात. फ्रेंच फ्राइज उपवासाला चालतात असं मुलं सांगतील पण त्या तेलात आधी काय तळलं ते कोण सांगणार. पण शुगरची गोळी आणि उपवास आणि उन्हात आठ तास, हे तिन्ही एका दिवशी नको. एकादशी बघूनच पार्कचा दिवस ठरवा, आणि गोळ्यांच्या वेळांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं असू द्या. व्हिजिटर इन्शुरन्स काढलाच असेल, त्यात आधीच्या आजारांचं काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा, बहुतेकांत तिथेच मेख असते.

अजून एक, आणि हे जरा स्पष्टच लिहिते. आजीला नेऊन पिशव्या आणि स्ट्रोलर राखायला बसवू नका. फार बघितलंय मी हे, सगळे रोलर कोस्टरवर आणि आजी उन्हात बाकावर सात बॅगा घेऊन, भाषा येत नाही, फोनला रेंज नाही. त्या बसणारच असतील तर एसीतल्या ठिकाणी बसवा, फोन चार्ज करून, तुमचा नंबर कागदावर, आणि शक्यतो धाकट्याला त्यांच्याजवळ आणि तुमच्यातलं एक मोठं माणूस. आळीपाळीने जा राइडवर. रात्रीची आतिषबाजी बघायची तर संपल्या संपल्या उठू नका, सगळी गर्दी एकदम गेटकडे सुटते, मेन स्ट्रीटची दुकानं पार्क बंद झाल्यावरही तासभर उघडी असतात, त्यात बसून रहा, मग निघा.

अटलांटाहून गाडीने सहा-सात तास आहेत, दीड-दोन तासांनी गाडी थांबवून आईंना चालवा. आणि ती खुर्ची डिकीत सगळ्यात वर ठेवा हो, बॅगांच्या खाली नको.

प्रश्न: आम्ही सोलापूरचे. वडील ७१, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका, आता डावा पाय ओढत चालतात, काठी आहे. दिवाळीत सगळे मिळून रामोजी फिल्म सिटी बघायचं ठरतंय, वडिलांना जमेल का? – सोलापूर

उत्तर: रामोजीची गंमत अशी की तिथे बरंचसं बसमधून फिरवतात, त्यामुळे लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसांना एकदम सोपं. बसमध्ये बसणं सोपं आहे, पण दिवसभरात किती वेळा चढा-उतरायचं ते मोजा. १९९६ ला सुरू झालेली, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नोंद असलेली जागा आहे ती, एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धडधाकट माणसानेही करू नये. तिकीट काढायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा, बसची पायरी किती उंच, व्हीलचेअर गेटवर मिळते का, आणि ती बसमध्ये नेता येते का. वेगवेगळी पॅकेजं असतात, बस कुठली हे बघून पॅकेज घ्या, जेवण कुठलं हे नंतर.

चढा-उतरायची एक साधी पद्धत आहे, फिजिओथेरपीवाले शिकवतात, वडिलांना घरच्या जिन्यावर आत्तापासून सवय लावा. चढताना चांगला पाय आधी, म्हणजे त्यांचा उजवा. उतरताना कमजोर पाय आधी, म्हणजे डावा. तुम्ही चढताना त्यांच्या मागे, उतरताना पुढे, आणि चालताना डाव्या बाजूला. हात धरून ओढायचं नाही, विशेषतः डावा, झटक्यानंतर तो खांदा नाजूक असतो.

रेल्वेने जात असाल तर खालच्या बर्थचा सीनियर सिटिझन कोटा आहे, पुरुषांना ६० पासून, पण त्या तिकिटावर तुमची तरुण मंडळी जोडली की तो कोटा लागत नाही. आईचं वय बसत असेल तर आई-वडिलांचं दोघांचं तिकीट वेगळं काढा. भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, त्याची वाट बघू नका. दिवाळीच्या आठवड्यात गर्दी खच्चून असते, आठ-पंधरा दिवस पुढे गेलात तर थंडीही पडेल.

प्रश्न: ताई, मी ६८, मिस्टर ७३, त्यांचं हिपचं ऑपरेशन झालंय. टूर कंपनीबरोबर अमेरिकेला चाललोय, त्यात लॉस एंजेलिसजवळच्या डिस्नेलँडचा एक दिवस आहे. मुलं बरोबर नाहीत. मी व्हीलचेअर ढकलू शकेन असं वाटत नाही. – पुणे

उत्तर: ढकलू नका, तुमचीच कंबर जाईल आणि मग दोघांना कोण ढकलणार. तुमच्यासाठी स्कूटर, मिस्टरांनी आयुष्यभर बजाज चालवली असेल तर त्यांना आवडेलच. त्या डिस्नेलँडची गोष्ट वेगळी आहे, १९५५ चं मूळ पार्क आहे ते, ऑरलँडोच्या मानाने आटोपशीर, आणि २००१ मध्ये झालेलं दुसरं पार्क समोरासमोर, गेट ते गेट चालत जाता येतं. स्कूटरला वेगाची खिट्टी असते, कासवावर ठेवा, सशाकडे बघायचंही नाही, आणि गर्दी व्हायच्या आत मोकळ्या जागेत एकदा मागे-पुढे करून बघायला सांगा.

टूर कंपनीला मात्र आत्ताच ईमेलवर विचारा, तोंडी नको. बस गेटपासून किती लांब सोडणार, परत किती वाजता, दुपारी तुम्हा दोघांना हॉटेलवर सोडायची सोय आहे का. टूर मॅनेजर चाळीस माणसं सांभाळत असतो, तो तुमच्याबरोबर राहील ही आशा ठेवू नका. हिपमधल्या धातूमुळे विमानतळावर आणि पार्कच्या तपासणीत मशीन वाजेल, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, तरी तपासणी होतेच, आधीच सांगून टाकायचं. विमानतळावरची व्हीलचेअर एअरलाइनला निदान ४८ तास आधी कळवा, तिचे पैसे पडत नाहीत. येताना आणि जाताना दोन्ही वेळेला कळवायचं, आणि मधे विमान बदलणार असाल तर तिथलंही.